एक रेघ आणि सही

सनीवेल, कॅलिफोर्निया
दिवाळीनंतरचा रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पत्र मराठीत लिहितेय. तू ओळीखाली बोट धरून वाचशील, जोडाक्षरांपाशी थबकशील, एखाद्या शब्दासाठी बाबाला हाक मारशील. मार. इंग्रजीत लिहिलं असतं तर बसची वाट बघताना उभ्या उभ्या वाचून मोकळी झाली असतीस. दर रविवारी सकाळी तुला मराठी शाळेत ओढत न्यायचे, त्या पेट्रोलची आज वसुली आहे.

आधी गुन्हा कबूल करते. गुरुवारी रात्री तू झोपल्यावर जेवणाच्या टेबलावरची तुझी पिवळी फील्डची वही मी उघडली. टेबल पुसायला उचलली होती हे खरं, पण पुसायला उचललेली वही वाचायची नसते एवढं मलाही कळतं. स्टीव्हन्स क्रीक, सकाळी ७:४०, ढगाळ. पाण्याचं तापमान, पीएच, आणि खाली विरघळलेला ऑक्सिजन: ८.४. त्या ८.४ वर एक आडवी रेघ होती, खालचा आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी ५.१, तुझी आद्याक्षरं, तारीख, आणि मुंगीएवढ्या अक्षरात कारण: मीटर कॅलिब्रेट करायचा राहिला होता, पुन्हा मोजलं.

मी ओला फडका हातात धरून तिथेच बसले. बाबा पाणी प्यायला उठला तेव्हा दीड वाजला होता. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही."

ते काय होतं ते सांगायला हे पत्र आहे. पण त्याच्या आधी गेल्या वर्षीच्या गणपतीचा हिशोब मिटवायला हवा, कारण तो आपल्या दोघींच्या मध्ये गेलं वर्षभर तसाच पडलाय आणि आपण दोघीही त्याला वळसा घालून चालतोय.

मंडळाच्या कार्यक्रमात मी मोदकांच्या टेबलापाशी उभी होते. एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "मनूचं काय मग? बर्कली की सॅन डिएगो?" त्यांच्या मुलाला कुठे मिळालंय हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "ती सध्या ब्रेक घेतेय, एक वर्ष. मग बघू." मागे वळले तर तू पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन उभी. दी ॲन्झा कॉलेजातला तुझा पहिला क्वार्टर, म्हणजे तिमाही सत्र, दोन आठवड्यांवर आला होता. तू खोकं खाली ठेवलंस, म्हणालीस, "आई, हे कुठे लावू?" आणि गाडीत, घरी, दुसऱ्या दिवशी, त्या विषयावर एक शब्द काढला नाहीस. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

माझं चुकलं.

अण्णांनाही मी नीट सांगितलं नव्हतं. चिपळूणहून त्यांचा फोन आला की विचारायचे, "कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं आयटीआय का गं?" मी म्हणायचे, "तसं नाही हो अण्णा," आणि पावसाचं विचारायचे. चिपळूणच्या माणसाला पावसाचं विचारलं की बाकीचं सगळं वाहून जातं. शेवटी तूच एकदा फोन हातातून घेतलास आणि तुझ्या त्या मराठीत सांगितलंस, "अण्णाआजोबा, पहिले दोन वर्ष इकडे, मग मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षात जाते मी. पैसे वाचतात." ते म्हणाले, "मग एवढं लपवायचं काय त्यात?" फोन स्पीकरवर होता. लपवतंय कोण हे म्हाताऱ्याला बरोबर कळलं होतं.

आता मला हे सगळं तुझ्यापेक्षा जास्त पाठ झालंय. १९६० साली या राज्यानं उच्च शिक्षणाचा आराखडा केला, त्यात वरच्या युनिव्हर्सिट्या थोड्यांसाठी आणि ही कॉलेजं सगळ्यांसाठी, आणि इथून तिथे जायची वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली. राज्यात अशी ११६ कॉलेजं. आपल्याला युनिटमागे (अभ्यासाचं एक क्रेडिट) ३१ डॉलर, म्हणजे क्वार्टरला १५ युनिटं घेतलीस तरी ४६५. यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वर्षाची नुसती फी १५,००० डॉलरच्या वर, राहणं-जेवण वेगळं. हा हिशोब बाबानं पहिल्याच दिवशी मांडला होता आणि मी त्याच्यावर उखडले होते की पोरीच्या शिक्षणात काटकसर कसली करतोस.

पण मला खरं आवडलं ते दुसरंच. तुझी लॅबमधली जोडीदारीण पन्नाशीची आहे, रात्रपाळी करून सकाळी वर्गात येते, आणि डोळे मिटायला लागले की उभी राहून नोट्स घेते. एक जण सैन्यातून आलाय. एक जण बागकाम करतो आणि प्रोफेसरांना न माहीत असलेली झाडं त्याला माहीत असतात. माझ्या एम.एस्सी.च्या वर्गात आम्ही सगळे बावीस-तेवीसचे, सगळे एकाच गाइडमधून पाठ केलेले. तुझ्या वर्गात कुणी प्रश्न विचारला तर त्याच्या मागे काहीतरी घडलेलं असतं.

मला वाटायचं, इमारतीबिमारती यथातथाच असतील. तू मला कर्श सेंटर दाखवलंस. २००५ साली उघडलेली ती पर्यावरणाची इमारत, वारा आत-बाहेर खेळेल अशी बांधलेली, छतावर सोलर, आणि शेजारी दीड एकरात कॅलिफोर्नियाच्या बारा तऱ्हेच्या वनस्पतींची बाग, वाळवंटापासून रेडवुडपर्यंत. तू रेडवुडखाली उभं राहून सांगत होतीस आणि मी मनात म्हणत होते, दीड एकरात बारा प्रदेश, म्हणजे आपल्या कोकणातलं परसच की. माड, फणस, अळू, हळद, सगळं एकमेकांच्या पायात पाय घालून.

त्या सगळ्यात खाडीकाठच्या अल्व्हिसोचा शनिवार मात्र वेगळा. तुझी गाडी बंद पडली म्हणून मी सोडायला आले आणि थांबले. तुमच्या मॅडम म्हणाल्या, थांबा की, बुटांचा एक जोड जास्तीचा आहे. मी बांधावर चढले आणि ओहोटीच्या चिखलाचा वास आला. मनू, पंचवीस वर्षांत या देशात मला कुठल्याही वासानं असं रडवलं नव्हतं. वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळकडे जाताना, होडी चिखलात रुतली की हाच वास. इथे खारफुटी नाही, त्या जागी बुटकं, मांसल पानांचं झुडूप, शरद ऋतूत लाल होणारं. पण बांध तेच, भरती-ओहोटीचं गणित तेच, आणि मिठागरंही तीच. फक्त आपली मिठागरं वाफ्यावाफ्यांची आणि ही डोळा पुरणार नाही एवढी. मिठाच्या कंपनीकडून २००३ साली सरकारनं १५,१०० एकर विकत घेतली आणि आता बांध फोडून तिथे परत दलदल आणतायत. दलदल आणायला माणसं पैसे मोजतात हे अण्णांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "आमच्याकडची फुकट घेऊन जा."

मग तुम्ही मुलांनी सांगितलं की आपण उभे आहोत ते गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे. मला खरं वाटेना. जर्दाळू आणि प्लमच्या बागांसाठी इतकं पाणी उपसलं की १९१५ ते १९७० च्या दरम्यान सॅन होजेखालची जमीन १३ फुटांच्या आसपास खचली. बाहेरून पाणी आणून जमिनीत मुरवायला लागले तेव्हा थांबली, पण खचलेली जमीन वर काही आली नाही. आपण ज्या दरीला जगातली सगळ्यात हुशार माणसांची दरी म्हणतो, ती बोअरवेलनं खाली बसलेली आहे. मराठवाड्यातल्या कुणाही शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल.

आणि पारा. ग्वादालूपे नदी जिथून येते तिकडे वर न्यू अल्मादेनची खाण, १८४० च्या दशकात सुरू झालेली, उत्तर अमेरिकेत सगळ्यात जास्त पारा दिलेली. डोंगरातलं सोनं वेगळं करायला तो पारा लागायचा. खाण कधीच बंद झाली, आता तिथे लोक सकाळी फिरायला जातात, पण पारा ओढ्यातून नदीत आणि नदीतून या चिखलात येऊन बसलाय. मॅडमनी लाल दगड हातात दिला, म्हणाल्या, सिनबार. माझ्या तोंडून निघून गेलं, "हिंगूळ!" तू वळून बघितलंस. हो, हिंगूळ. आपल्याकडे शब्द आहे त्याला, वैद्यांच्या औषधातला आणि चित्रकारांच्या रंगातला.

तू मला त्या दिवशी समजावलंस की पारा नुसता चिखलात पडलेला असतो तोवर तितका घातक नाही. चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांत चढतं, मोठ्या माशात जास्त, पाटीवर 'मासे खाऊ नका' लिहावं लागतं एवढं. म्हणून एका तळ्याचा बांध एकदम फोडला नाही, दारं बसवून बेताबेतानं पाणी सोडलं, चिखल ढवळला जाऊ नये म्हणून. आणि सगळ्यात शेवटी म्हणालीस, "आई, तुला आवडतो ना तो वास, सडक्या अंड्याचा? ते सल्फेट खाणारे बॅक्टेरिया. तेच हे करतात."

मी गप्प झाले ते दमले म्हणून नव्हे.

तुला आठवतं, वसंतात एकदा तू पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत शिकून आलीस? दारातूनच सांगत सुटलीस की बाटलीत तपकिरी साका धरतो, आम्ल घातलं की विरघळतो, स्टार्च घातला की निळं आणि शेवटच्या एका थेंबात सगळं पाण्यासारखं. मी भाकरी थापत होते. मागे न बघता म्हटलं, "थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल. आणि बाटलीत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतलाच ऑक्सिजन मोजाल." तू थक्क. "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "केमिस्ट्री होती ना मला," आणि तुला कोशिंबिरीला काकडी चोचवायला लावली.

कोल्हापूरहून एम.एस्सी. करून आले ते १९९७ साल. लग्न व्हायला दोन वर्षं होती. घरापासून बसनं जाण्यासारख्या एका औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत. घरात पहिली नोकरी करणारी मुलगी. पहिल्या पगाराचे पेढे अण्णांनी आळीभर वाटले. पांढरा कोट होता, त्यावर नाव होतं. काम एवढंच: दर पाळीला बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यायचा, पीएच, सीओडी, बीओडी काढायचं (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचे हे दोन आकडे, सीओडी रसायनानं काढलेला, बीओडी जिवाणूंकडून), वहीत लिहायचं. सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम.

पहिल्याच आठवड्यात सॅम्पल रिफ्लक्सला लावलं आणि डायक्रोमेटचं नारिंगी पाणी दहा मिनिटांत हिरवंगार झालं. म्हणजे पाण्यात घाण इतकी की घातलेला ऑक्सिडायझर सगळा खाऊन टाकला. पातळ करून परत लावलं. दोन तासांनी टायट्रेशन, हिरवट निळा रंग एका थेंबात विटकरी झाला, आकडा आला ११८०. मला वाटलं माझं चुकलं. परत केलं. ११६० आला. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्याही दोन मुली होत्या. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "हे रफ वहीत राहू दे. फेअर वहीत २३०-२४० च्या मधलं काहीतरी लिहा. रोज तोच आकडा नको, जरा वर-खाली ठेवा."

मी २३८ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी २३१. मग २४४. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून फेअर वही माझ्याकडेच आली. चौदा महिने मी ती लिहिली, मनू. एकही खाडाखोड नाही. खोट्या आकड्यांच्या वहीत खाडाखोड नसते, कारण त्यात चुकायला काही नसतंच. रफ वही महिनाअखेरीला बॉयलरमध्ये जायची.

एकदा खालच्या अंगाचे भोई गेटवर आले होते. पाटीत मेलेले मासे, पोट फुगलेले. वॉचमनशी बाचाबाची चालली होती. मी वरच्या खिडकीतून बघितलं. त्यातल्या एकाला मी ओळखत होते, लहानपणी त्याच्याच होडीतून आम्ही पलीकडे जायचो. त्यानं वर बघितलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, मी आधीच खिडकीपासून बाजूला झाले होते.

आणि एक. सीओडीच्या प्रत्येक नळीत क्लोराइडचा अडथळा नको म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालतात. तपासणी झाली की ते सगळं आम्ही बेसिनमध्ये ओतायचो. बेसिनचं पाणी कुठे जायचं ते मी कधी विचारलं नाही. अल्व्हिसोच्या बांधावर तू मला पारा समजावत होतीस तेव्हा मी मनातल्या मनात नळ्या मोजत होते. दिवसाला सहा, कधी आठ, गुणिले चौदा महिने.

तू पर्यावरणशास्त्र घेते म्हणालीस तेव्हा मी काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. यात नोकऱ्या नाहीत, पगार नाही, झाडं लावायला कुणी डिग्री घेतं का. कॉम्प्युटर सायन्स घे, मग वीकेंडला वाचव जग. तुला वाटलं, आईला लोकलाज आहे. होती. तिची भीती मात्र मला चार लोकांत हसू होण्याएवढीच होती. खरी भीती ही की एक दिवस कुणीतरी भला माणूस, दोन मुलींचा बाप, तुझ्या समोर कागद सरकवेल आणि म्हणेल, जरा वर-खाली ठेवा. आणि तू माझी मुलगी आहेस.

इथे आले ती एच-फोरवर, नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर. नोकरी करता येईना. पुढे परवानगी मिळाली तेव्हा सगळ्या जणी करत होत्या तसा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. पाणी तपासणारी प्रोग्रॅम तपासायला लागली. बरं वाटायचं. धुराडं नाही, नाला नाही, काचेच्या इमारती, हिरवळ, बदकं. मग तूच एकदा जेवताना सांगितलंस की देशात सगळ्यात जास्त सुपरफंड जागा, म्हणजे सरकारनं साफ करायला घेतलेल्या विषारी जागा, असलेला जिल्हा आपला, सँटा क्लारा, एकूण २३, आणि बहुतेक चिपवाल्यांच्या. चिपा धुवायचं ट्रायक्लोरोएथिलीन जमिनीतल्या टाक्यांतून पाझरलं. पाण्याहून जड, म्हणून खाली खाली जात राहिलं. १९८१ साली दक्षिण सॅन होजेतल्या एका पिण्याच्या विहिरीत सॉल्व्हंट सापडलं तेव्हा लोकांना कळलं. बाबा म्हणाला, "म्हणजे आमच्या ऑफिसखाली पण?" आणि तू नकाशा काढून दाखवलास. त्यानं वरणाची वाटी तशीच ठेवली. मला मात्र हसू आलं, वाईट हसू. सात समुद्र ओलांडून आले ते परत एका वसाहतीतच.

तेव्हा तुझी ती रेघ बघून मी का बसले ते आता कळलं असेल. ५.१ हा आकडा चांगला नाही. त्या ओढ्यातल्या स्टीलहेड माशांच्या पिल्लांना ७ च्या आसपास तरी हवा. ८.४ दिसायला छान होतं. कुणी विचारलं नसतं. तरी तू थंडीत परत पाण्यात उतरलीस, मोजलंस, वाईट आकडा लिहिलास आणि चांगला आकडा झाकलाही नाहीस. हे तुला कोणी शिकवलं ते मी बाबाला विचारलं नाही, कारण मी शिकवलेलं नाही एवढं नक्की माहीत आहे. तुमच्या मॅडमनी पहिल्या तासाला सांगितलं असेल: खोडायचं नाही, एक रेघ, सही, तारीख. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. एवढ्या एका नियमासाठी मी युनिटमागे ३१ डॉलर आनंदानं देते.

आणि आता कामाचं, कारण आई आहे.

यूसी डेव्हिसचा टॅग, म्हणजे इथून तिथे प्रवेशाची हमी देणारा अर्ज, सप्टेंबरात भरलास हे चांगलं केलंस. पण तो भरला म्हणजे झालं असं नाही, यूसीचा मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत जायलाच हवा, नाहीतर टॅग कागदावर राहतो. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो आणि बर्कली त्यात नाहीच, तेव्हा कुणी काही विचारलं तर गोंधळू नकोस. इथला कुठला कोर्स तिथे धरतात ते सांगणाऱ्या असिस्टच्या साइटवर तुझा प्रत्येक कोर्स एकदा माझ्यासमोर ताडून बघू. ९० क्वार्टर युनिटं वसंताअखेर पूर्ण होतायत का, ते काउन्सेलरकडून लिहून घे. तोंडी नको.

केम वन-बी, केमिस्ट्रीचा दुसरा कोर्स, तू मागच्या वेळी सोडलंस. मला सांगितलं नाहीस, पण पोर्टल बाबाच्या लॅपटॉपवर उघडं होतं. (हो, तेही बघितलं. या पत्रात मी सुटत नाही.) घाबरू नकोस, पण टाळूही नकोस. पर्यावरण अभ्यास आणि पर्यावरणशास्त्र यांत फरक आहे तो नेमका इथे. पहिल्यात धोरणं, कायदा, लोक. दुसऱ्यात केमिस्ट्री, कॅल्क्युलस, बायोलॉजी ही तिन्ही चुकत नाहीत. तुला दुसरं हवंय. बफर आणि समतोल मी शिकवते. रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ, टेबलावर. पाटी-पेन्सिल माझी. मला विसरायला झालंय असं वाटत होतं, पण गुरुवारी रात्री झोप येईना म्हणून तुझं पुस्तक चाळलं तर हात आपोआप पेनाकडे गेला.

एक गंमत त्यात सापडली. तुझ्या पुस्तकात बीओडी पाच दिवसांची, २० अंशांवर. आम्ही करायचो ती तीन दिवसांची, २७ अंशांवर. आपल्या हवेला तेच बरोबर. पाच दिवस का, तर म्हणे इंग्लंडातल्या नदीचं पाणी समुद्राला पोचायला फार तर तेवढा वेळ लागतो, म्हणून त्यांनी तो ठरवला. वाशिष्ठी तर सह्याद्रीवरून उडी मारते आणि दम खायच्या आत दाभोळला पोचते. तिची बीओडी मोजायची तर घड्याळच दुसरं हवं. तुमच्या मॅडमना विचार, वर्गात सांगायला आवडेल का. मी येईन हवं तर. उच्चार तेवढे सांभाळून घे.

कोयोटी व्हॅलीचंही एकदा नीट सांग मला, अर्धवट राहिलंय. तुझ्या कॉलेजच्या मुलांनी तिथे रानमांजरांचे माग काढले, कॅमेरे लावले, दोन डोंगररांगांमधून जनावरं त्या खोऱ्यातून जातात हे दाखवलं, आणि २०१९ मध्ये ९३७ एकर बांधकामापासून वाचले, एवढं मला कळलं. मुलांनी मोजलेलं कुठल्या फायलीत गेलं, कुणी वाचलं, ते मला ऐकायचंय. मोजलेला आकडा पुढे कुठेतरी जाऊन पोचतो, ही गोष्ट मी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

परवा फराळाला त्याच बाई भेटल्या. मी सांगितलं, मनू दी ॲन्झाला आहे, पर्यावरणशास्त्र करतेय, दुसरं वर्ष. त्या म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे ब्रेक संपला?" मी म्हटलं, "ब्रेक नव्हताच, मी खोटं बोलले होते." त्यांच्या हातातली चकली हातातच राहिली. मग आम्ही भाजणीबद्दल बोललो.

त्या कारखान्याबद्दल अण्णांना माहीत नाही. ते अजून मधूनमधून लोकांना सांगतात की आमची मुलगी लॅबमध्ये केमिस्ट होती. डिसेंबरात चिपळूणला गेलो की मी सांगणार आहे. तू शेजारी बसशील का? बोलू नकोस काही. नुसती बस.

शनिवारी परत अल्व्हिसो आहे ना? मी येते. बाटल्या धुवायला माणूस लागतंच. तिनदा डिस्टिल्ड पाण्यानं आणि शेवटी नमुन्याच्याच पाण्यानं, ते माझ्याइतकं नीट तुमच्यात कुणी करत नसेल.

तुझी,
आई

ता. क. बुटांचा चिखल गॅरेजबाहेर धुवायचा, लाँड्री रूममध्ये नाही.

ता. क. २. वहीत चौदाव्या पानावर पाण्याचं तापमान ५९ लिहिलंयस. बाकी सगळीकडे सेल्सिअस आहे. मी हात लावलेला नाही.